वाढणे

अन्न देण्याच्या क्रियेसाठी मराठीत जितकी क्रियापदे आहेत, तितकी उतरंडही आहे. देवाला नैवेद्य दाखवतात, पाहुण्याला वाढतात, तान्ह्याला भरवतात, बैलाला वैरण घालतात आणि कुत्र्याला तुकडा टाकतात. एम.ए.च्या वर्गात अर्थविचार शिकवताना हे उदाहरण मी अनेक वर्षे देत आले आहे. मुले हसतात, मग त्यांच्यातील एखादे विचारते, की कुत्र्याला 'वाढले' असे म्हटले तर व्याकरण बिघडेल का? व्याकरण बिघडत नाही. ऐकणाऱ्याच्या भुवया मात्र वर जातात.

उतरंड क्रियापदांपुरती थांबत नाही. आमच्या वऱ्हाडात गुराच्या खाण्याला किती शब्द आहेत पाहा: कडबा, कुटार, सरकी, ढेप, चुरी, आंबोण. गाभण गाईचा खुराक वेगळा, दुभत्या म्हशीचा वेगळा, पेरणीच्या दिवसांतल्या बैलाचा त्याहून वेगळा. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या श्रमाचा हिशेब ठेवला गेला, त्याच्या आहाराचाही हिशेब ठेवला गेला आणि त्या हिशेबातून शब्दसंपदा निर्माण झाली. कुत्र्याच्या वाट्याला आले ते 'शिळेपाके' आणि 'तुकडा'. 'त्याचे हाल कुत्रा खात नाही' हा वाक्प्रचार तर कुत्रा काहीही खातो, या गृहीतकावरच उभा आहे. ज्याच्यापुढे काहीही टाकले तरी चालते, त्याने काय खावे हा प्रश्न भाषेला पडण्याचे कारणच नव्हते.

हा प्रश्न आमच्या घराला पडला तो २०२३ सालच्या पावसाळ्यात. मानोरा तालुक्यातील एका तांड्यावरून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी कुत्रीला आठ पिले झाली होती. दोन महिन्यांची झाल्यावर ती एकेक करून दिली जात होती. त्यांतले एक, छातीवर पांढरा ठिपका असलेले, आमच्याकडे आले. त्या ठिपक्यावरून त्याचे नाव चांद्या पडले. पिलू कारवान जातीचे. लांबोडके तोंड, खोल छाती, वर ओढलेले पोट, काठीसारखे पाय. कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात त्याच्याच कुळातले हे जनावर मानले जाते. लांब केसांचे असेल तर त्याला पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी या कुळाला राजाश्रय दिला. ९ जानेवारी २००५ रोजी भारतीय टपाल खात्याने चार देशी श्वानांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. 'कारवान' हे नावच तांड्याचे आहे. काफिल्याबरोबर चालणारा, राखण करणारा आणि सशामागे सुटला तर डोळ्यांना न सापडणारा.

असे जनावर पूर्ण वाढले की खांद्याशी सव्वादोन फुटांच्या आसपास भरते आणि वजनाला पंचवीस-अठ्ठावीस किलो होते. रोज पळायला मिळाले नाही तर ते घर डोक्यावर घेते. या देहाला काय वाढावे, हे विचारायला आम्ही निघालो, तेव्हा उत्तरे देणाऱ्यांची वाण नव्हती.

पहिले उत्तर दुकानात मिळाले. मोठ्या जातीच्या पिलांसाठीचे एक चकचकीत पोते दुकानदाराने पुढे ठेवले. किलोचा भाव ऐकून मी मनातल्या मनात भागाकार केला. २०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाली, म्हणजे किलोला सुमारे त्रेपन्न रुपये. पोत्यातील खाद्य त्या वेळीही याच्या दहापटीहून महाग होते. पोत्यामागच्या बारीक अक्षरांतल्या यादीत सोयाबीनची पेंड होती. सोयाबीनवर जगणाऱ्या जिल्ह्यातील माणसाला ती ओळ वाचून गंमत वाटावी की विषाद, हे ठरवणे अवघड होते.

दुसरे उत्तर शेजाऱ्यांचे. मोठे कुत्रे म्हणजे मोठी हाडे, मोठी हाडे म्हणजे कॅल्शियम. तेव्हा रोज दूध, अंडी आणि वर कॅल्शियमची बाटली. तिसरे उत्तर सासूबाईंचे. त्यांच्या माहेरी शेतावर कुत्री होती आणि त्यांना निराळे काही शिजवल्याचे त्यांना आठवत नव्हते. "कुत्र्याले का ताट वाढतेत? भाकर टाकून दे त्याच्याम्होरं," असे त्या म्हणत. त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. जे क्रियापद त्यांच्या कानावर लहानपणापासून पडले होते, तेच त्यांनी वापरले होते.

चौथे उत्तर तांड्यावरचे. विद्यार्थ्याचे आजोबा ऐंशीच्या घरातले. त्यांचे सगळे आयुष्य या कुत्र्यांच्या संगतीत गेलेले. पिलू घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी हातात देताना एवढेच सांगितले, "बाई, ह्याले फुगवू नोका. धावनारं जनावर हाये. पोट पाठीले लागलं पाह्यजे, पन मनके दिसाले नोको."

चार उत्तरे, आणि चारही एकमेकांना छेद देणारी. म्हणून पहिल्याच आठवड्यात अकोल्याला एका पशुवैद्यकांकडे पिलाला घेऊन गेलो. शेजाऱ्यांनी सुचवलेली बाटली न उघडता बरोबर नेली होती. डॉक्टरांनी तिच्यावरचा मजकूर वाचला, ती टेबलाच्या कडेला सरकवली आणि आधी विचारले, "खायला काय देणार आहात?" पोत्यातले संपूर्ण खाद्य देणार असाल तर हिची गरज नाही, ती अपायकारक ठरेल. घरचे अन्न देणार असाल तर किती कॅल्शियम लागेल ते मोजून मी सांगेन. अंदाजाने देऊ नका.

यामागचे कारण त्यांनी समजावले. मोठ्या अंगाच्या पिलाचे वजन काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढते. हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, तिचे हळूहळू हाड होत जाते. या काळात उष्मांक जास्त मिळाले तर वजन आधी वाढते आणि ते पेलणारा सांगाडा मागे राहतो. कॅल्शियमची गोष्ट आणखी नाजूक आहे. मोठा कुत्रा गरजेपुरते कॅल्शियम शोषून उरलेले टाकून देऊ शकतो. साधारण सहा महिन्यांच्या आतल्या पिलाला ते नीट साधत नाही. जे पोटात जाईल त्यातले बरेचसे अंगात शिरते. १९८५ साली नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रेट डेन जातीच्या पिलांना जादा कॅल्शियम देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या कूर्चेचे हाड होण्याची क्रिया बिघडली आणि सांगाड्यात दोष निर्माण झाले. पुढे अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने आपल्या मानकांत, पूर्ण वाढीनंतर ७० पौंड म्हणजे सुमारे ३२ किलो वा त्याहून अधिक भरणाऱ्या कुत्र्यांच्या पिलांचा वेगळा विचार केला. त्यांच्या खाद्यातील कोरड्या अंशात कॅल्शियम १.८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे ठरवले. कारवान त्या वजनाच्या रेषेखाली राहतो. पण उंच आणि झपाट्याने वाढणाऱ्या पिलाला तीच सावधगिरी लागू करावी, असे डॉक्टरांचे मत पडले.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नुसती भाकरी आणि बिनहाडाचे मांस यांवर पिलू ठेवले तर स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी पडते. मग शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढू लागते, हाडे पातळ होतात आणि पिलू लंगडू लागते. दोन्ही टोकांना पाय वाकडेच होणार.

घरी परतताना वाहनात माझ्या डोक्यात 'वाढणे' हे क्रियापद घोळत होते. मराठीत ते दोन अर्थांनी येते. ताटात अन्न देणे म्हणजे वाढणे आणि अंगाने मोठे होणे म्हणजेही वाढणे. जो वाढतो त्याला वाढावे आणि ज्याला वाढावे तो वाढावा, हा संबंध भाषेने आपोआप जोडून दिला आहे. आपल्या सगळ्या आतिथ्यात आणि मातृत्वात तो गृहीत धरलेला असतो. 'मोजूनमापून वाढते' हे आपल्याकडे यजमानिणीविषयीचे सर्वांत कडू वाक्य आहे. आणि इथे एक डॉक्टर सांगत होते, की या जीवाला न मोजता वाढाल तर तो नीट वाढणार नाही.

चांद्याचा एक भाऊ याच शहरात एका सुखवस्तू घरी गेला होता. मायेची कमतरता तिथे नव्हतीच. दूध, अंडी, मटण, बाटली, सगळे होते. पाच महिन्यांचा असताना तो अंगापिंडाने चांद्याच्या दीडपट दिसे आणि येणारे-जाणारे त्याचे कौतुक करीत. सातव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय मनगटाशी बाहेर वळले आणि उठताना तो कण्हू लागला. कारण एकच असते असे नाही. रक्तातून येणारे दोषही असतात, असे डॉक्टरांनी मुद्दाम सांगितले. तरी त्यांनी पहिल्यांदा बदलले ते त्याचे ताटच. तो आज चालतो. पळत मात्र नाही. पळण्यासाठीच घडलेल्या देहाला पळता येऊ नये, हे पाहताना त्या घरातील माणसांना काय वाटत असेल, ते मी विचारू शकले नाही.

आता त्या पोत्याविषयी. त्याच्यावर सरसकट टीका करणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. कुत्र्याचे तयार खाद्य ही १८६०च्या सुमाराची, लंडनमधील कल्पना. जेम्स स्प्राट नावाच्या अमेरिकन माणसाने धान्य, भाज्या आणि मांस यांची बिस्किटे करून ती तिथल्या शौकिनांना विकली. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत त्या पोत्यात जाहिरात जशी भरली गेली, तसे पोषणशास्त्रही भरले गेले. ज्याला घरी शिजवायला वेळ नाही आणि तोलून द्यायला काटा नाही, त्याने 'वाढीच्या वयासाठी संपूर्ण आणि संतुलित' असे लिहिलेले, मोठ्या जातीच्या पिलांचा स्पष्ट उल्लेख असलेले खाद्य घेतले, तर तो पिलाचे भलेच करतो. मात्र वाचावी ती मागची बाजू. पुढच्या चित्रातला लांडगा वाचू नये.

तो लांडगा बराच दिशाभूल करणारा आहे. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, तेव्हा त्याला धान्य वर्ज्य, अशी एक लाट मध्यंतरी आली आणि धान्यविरहित खाद्याची पोती महाग विकली गेली. २०१३ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी 'नेचर'मध्ये जे प्रसिद्ध केले, ते या लाटेच्या विरुद्ध जाते. पिष्ट पचवणाऱ्या विकरासाठीच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तिसापर्यंत सापडल्या. म्हणजे माणूस शेती करू लागल्यावर त्याच्या उंबऱ्याशी बसलेल्या प्राण्याचे आतडेही शेतीला सरावत गेले. पुढे जुलै २०१८मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाटाणा, मसूर अशा द्विदलांवर भर असलेली, बहुधा धान्यविरहित खाद्ये आणि कुत्र्यांतील हृदयस्नायूचा एक विकार यांचा काही संबंध आहे का, याची तपासणी सुरू केल्याचे जाहीर केले. कार्यकारण सिद्ध झालेले नाही. पण धान्य काढून टाकण्यातच शहाणपण आहे हा दावा तेव्हापासून पूर्वीइतक्या जोरात केला जात नाही. हे वाचल्यावर सासूबाईंच्या भाकरीकडे मी नव्या आदराने पाहिले.

आदर असला तरी हिशेब करावाच लागतो. पंचवीस किलोच्या कुत्र्याला नुसते जगण्यासाठी दिवसाला सुमारे ७८० किलोकॅलरी लागतात. नियमित पळणाऱ्याला त्याच्या दीडपट ते दुप्पट. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ३३० ते ३५० किलोकॅलरी असतात. म्हणजे केवळ उष्मांक पाहिले तर चार-पाच जाड भाकऱ्यांत काम भागते. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि धावून झिजणाऱ्या स्नायूंना ते हवे असते. इथे अंडी, कोंबडीचे मांस, थोडी डाळ यांना जागा मिळते. सोयाबीनही चालते, मात्र ते कच्चे कधीच देऊ नये, कारण प्रथिनाचे पचन अडवणारा घटक त्यात असतो आणि तो शिजवल्यावरच निष्प्रभ होतो.

चांद्या आठ महिन्यांचा होईपर्यंत आम्ही त्याला पोत्यातलेच खाद्य तोलून दिले; आधी दिवसातून चारदा, मग तीनदा. मोठा होताना हळूहळू, आठ-दहा दिवसांच्या फरकाने, त्याला घरच्या अन्नाकडे आणले आणि त्याचे प्रमाण अकोल्याहून लिहून घेतले. आज त्याच्या ताटात ज्वारीची भाकरी वा तांदूळ, उकडलेली कोंबडी, अंडे, दुधी किंवा गाजर, चमचाभर तेल आणि डॉक्टरांनी तोलून दिलेले कॅल्शियमयुक्त मिश्रण असते. आठवड्यातून एकदा थोडे काळीज. तेही थोडेच, कारण त्यातील अ जीवनसत्त्व अंगात साठत जाते. दर पंधरवड्याला वजन होते आणि बरगड्यांवरून हात फिरवून पाहिले जाते. त्या हाताला लागायला हव्यात. या जातीत शेवटच्या दोन-तीन नजरेलाही दिसल्या तर बिघडत नाही. 'हाडं दिसतात हो तुमच्या कुत्र्याची,' असे रस्त्यावरचे लोक कळवळून सांगतात. त्यांचा कळवळा खरा असतो, म्हणून उत्तर सौम्यपणे द्यावे लागते.

वऱ्हाडी स्वयंपाकघरात कुत्र्याला उरलेले टाकण्यातला खरा धोका शिळेपणाचा नाही, कांद्याचा आहे. आपली भाजी कांद्यावाचून होत नाही, आणि कांदा, लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. एका घासाने काही होत नसेल. पण रोजचा रस्सा भाकरीवर ओतत राहिले तर रक्त हळूहळू फिके होत जाते आणि कोणाला कळतही नाही. द्राक्षे आणि मनुका मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट हृदयाला आणि मज्जासंस्थेला. मटणाची शिजवलेली हाडे टोकदार फुटतात. पूर्वापार 'कुत्र्याचा वाटा' म्हणून ज्या वस्तू ठरलेल्या आहेत, त्यांतल्या निम्म्या या यादीत बसतात.

खोल छातीच्या कुत्र्यांना आणखी एक भय असते. एकाच वेळी भरपूर खाऊन ते पळू लागले, तर वायूने फुगलेले जठर स्वतःभोवती पिळवटते आणि काही तासांत जनावर दगावते. म्हणून अन्न दोन वेळांत विभागायचे आणि पळणे व जेवण यांत अंतर ठेवायचे. वाशिमचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत पहाटे पाचला एकबुर्जी धरणाच्या रस्त्याने पळून यायचे, धाप बसू द्यायची आणि मग ताट. सायंकाळचे जेवण ऊन पुरते उतरल्यावर. हे सारे आता घराच्या अंगवळणी पडले आहे.

अंगवळणी न पडलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे तो तराजू. ओट्यावर ठेवून मी कोंबडीचे तुकडे तोलते, तेव्हा मनात काही तरी अडखळते. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आठ वर्षांनी, २००६ साली, शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत तो होता, आणि २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आला. माझ्या वर्गात सकाळी न जेवता एस.टी.ने येणारी मुले बसतात. अशा ठिकाणी कुत्र्यासाठी अंडे उकडणे ही साधी खासगी बाब राहत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला तर आणखी एक ओझे असते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने जमिनीवर अन्न ठेवावे असे ज्यांच्यासाठी सांगितले आहे, त्यांत कुत्री, कावळे आणि किडे यांच्याबरोबर पतित आणि चांडाळ मानलेली माणसेही आहेत. एकाच ओळीत, एकाच जमिनीवर. 'तुकडा' हा मराठी शब्द कुत्र्यापुरता कधीच नव्हता. गावकीच्या कामाबदल्यात दारोदार भाकर मागणाऱ्या माणसांच्या ओंजळीत, वरून, अंतर राखून तो टाकला जात होता. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा पांढरपेशा वाचकाने त्या तुकड्याची चव पहिल्यांदा जवळून जाणली. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. उष्टे नाकारणे ही आपल्याकडे माणूस असण्याची पहिली घोषणा ठरली. हे शिकवणाऱ्या बाईने घरी येऊन कुत्र्यासाठी कोंबडी तोलावी, यात विसंगती दिसणे स्वाभाविक आहे.

त्यावर उत्तर म्हणून संतचरित्राकडे बोट दाखवता येते. नामदेवांच्या पानातली भाकरी कुत्र्याने पळवली आणि कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण बालपणापासून ऐकतो. सर्वांभूती ईश्वर, असा तिचा अर्थ सांगितला जातो. मला त्या कथेत तुपाइतकेच धावणे महत्त्वाचे वाटते. भाकरी गेली होती, नामदेवांना ती सोडून देता आली असती. खाणाऱ्याला ती कशी लागेल, याची काळजी त्यांना उठवते. 'टाकणे' या क्रियेत ही काळजी नसते. हातातून सुटले की संबंध संपतो. पण कथा कितीही सुंदर असली तरी न जेवता आलेल्या मुलासमोर ती पुरी पडत नाही, हेही मला ठाऊक आहे.

तराजूविषयीचा हा अडखळ मी एकदा त्या विद्यार्थ्याजवळ बोलून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मोजून तर आमच्याकडेही देतात."

दिवाळी उलटली की त्याच्या तांड्यावरची बरीच घरे ऊसतोडीला आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. म्हातारी माणसे, शाळेची काही मुले आणि कुत्री मागे राहतात. पूर्वी कुत्री शिकारीवर पोट भरत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद व्हायला हवे होते, आणि जिथे झाले तिथे त्यांच्या आहारातले मांस गेले. जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. उपाशी कुत्री मोकळी सुटली तर ती हरणांच्या पाडसांवर जातात, हे वनखात्याइतकेच तांड्यालाही माहीत आहे. म्हणून निघण्यापूर्वी मुकादमाकडून जी उचल मिळते तिच्यातून सहा महिन्यांची ज्वारी भरताना आजोबा वाटे करतात. एक वाटा म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा, एक शाळकरी मुलांचा, आणि एक लहान गोणी कुत्र्यांची. तिच्यात चिपटे बुडवूनच रोजचे पीठ काढायचे, कण्या रांधायच्या, ताक असेल तर ताक, नसेल तर मिठाचे पाणी. माणसांची ज्वारी संपत आली तरी त्या गोणीला हात लावायचा नाही आणि कुत्र्यांनी कितीही तोंड वर केले तरी चिपटे दुसऱ्यांदा भरायचे नाही. राखण करणाऱ्याचे देणे आहे ते, असे आजोबा म्हणतात.

तांड्यांच्या लोककथांत सावकाराकडे कर्जापोटी कुत्रा गहाण ठेवणारा बंजारा येतो; छत्तीसगडमधील बालोद जिल्ह्यातील खपरी गावच्या कुकुरदेव मंदिराशी ती कथा जोडलेली आहे. तीत शेवटी कुत्र्याचा जीव जातो आणि त्याच्या गळ्यातली, कर्ज फिटल्याची चिठ्ठी मालक उशिरा वाचतो. आपण ती निष्ठेची कथा म्हणून शिकवतो. त्या गोणीविषयी ऐकल्यावर मला तिच्यातला व्यवहार दिसू लागला. जिथे कुत्र्याची किंमत कर्जाएवढी धरली जाते, तिथे त्याचे खाणे उरल्यासुरल्यावर सोडलेले नसते. ते आधी काढून ठेवलेले असते.

शास्त्रही आज याहून फार वेगळे सांगत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात ४८ लॅब्राडोरच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, दुसऱ्यांचे ११.२, सांध्यांचे दुखणेही पहिल्यांना उशिरा जडले. उपाशी ठेवणे वेगळे आणि हलके ठेवणे वेगळे, हा फरक त्या अभ्यासाला चौदा वर्षे लागून कळला. 'पोट पाठीले लागलं पाह्यजे, पन मनके दिसाले नोको' या वाक्यात तो आधीच होता.

चांद्या आता तीन वर्षांकडे झुकला आहे आणि त्याचे पाय सरळ आहेत. गेल्या दिवाळीनंतर तांड्यावर गेले तेव्हा घरांना कुलपे लागलेली होती. ओसरीवर आजोबा बसले होते, आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीशी दोन मोठ्या गोण्या होत्या, त्यांच्या शेजारी एक लहान. चांद्याची आई तिच्याजवळ झोपली होती. मी विचारले, हे वैशाखापर्यंत पुरेल का? त्यांनी गोणीचे तोंड उघडले, आत कोपरापर्यंत हात घालून अंदाज घेतला, आणि म्हणाले, "पुरवा लागते, बाई."